विजेची मोटार आणि लांबचा पल्ला



हल्ली रस्त्याने हिरव्या पाटीची मोटार जाताना दिसते. तिचा आवाज फारसा येत नाही. मागून धूर निघत नाही. ही विजेवर चालणारी मोटार. अशा गाड्यांना हिरवी पाटी लावायची, असे सरकारने 2018 साली ठरवले. पाटीवरची अक्षरे पांढरी असली तर गाडी घरच्या वापराची. अक्षरे पिवळी असली तर ती भाड्याची.

बाजारहाट करायला, तालुक्याला जायला ही गाडी सोयीची, हे आता लोकांना पटले आहे. रात्री घरी वीज भरावी, सकाळी निघावे. पण मुंबईला जायचे म्हटले की माणूस कचरतो. “वाटेत वीज संपली तर काय? पेट्रोल बाटलीतून आणता येते. वीज कशातून आणणार?” असे तो विचारतो.

प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर धाडसात नाही, हिशेबात आहे. तो हिशेब या पाठात शिकू.

पहिला लांबचा प्रवास

ही भीती नवी नाही. पेट्रोलची मोटार निघाली तेव्हाही लोक असेच म्हणत होते.

जर्मनी देशात कार्ल बेंझ नावाच्या कारागिराने तीन चाकांची मोटार बनवली. लोक ती बघायला येत, पण विकत कोणी घेईना. ही गाडी दूरवर जाईल, असा भरवसा कोणालाच वाटेना. कार्लची बायको बेर्था. 1888 सालच्या ऑगस्ट महिन्यात एका पहाटे तिने दोन मुलांना बरोबर घेतले आणि नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. मानहाइम गावाहून फोर्झहाइम गावी, आपल्या माहेरी, ती निघाली. अंतर सुमारे 100 किलोमीटर.

तेव्हा पेट्रोलचे पंप कुठले? वाटेत इंधन संपत आले. बेर्थाने वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून डाग काढायचे तेल विकत घेतले आणि तेच गाडीत ओतले. इंधनाची नळी तुंबली. तिने टोपीची टाचणी घालून ती मोकळी केली. ब्रेक झिजले. चामड्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून तिने त्यांना कातडे लावून घेतले. चढावर गाडी ओढेना, तेव्हा मुलांनी उतरून ढकलली. दिवस मावळता ती माहेरी पोचली. काही दिवसांनी त्याच गाडीने परतही आली. चढासाठी गाडीला आणखी एक गिअर हवा, हे तिने नवऱ्याला सांगितले.

बेर्था नुसत्या धीरावर पोचली नाही. कोठे काय मिळेल, कशाने काय भागेल, हे तिला माहीत होते. आजच्या विजेच्या मोटारीलाही हेच लागू आहे.

विजेची मोटार तशी जुनीच आहे. 1899 साली कामीय जेनात्झी याने विजेची मोटार ताशी 100 किलोमीटरच्या पुढे पळवून दाखवली. पण त्या काळच्या शिशाच्या बॅटऱ्या फार जड. वीज थोडी मावे. पेट्रोल स्वस्त झाले आणि विजेच्या मोटारी मागे पडल्या. पुढे लिथियमची बॅटरी निघाली. 1991 साली ती बाजारात आली. आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये असते तीच ही जात. ती वजनाने हलकी, आणि वीज मात्र पुष्कळ साठवते. तिच्या शोधासाठी तिघा शास्त्रज्ञांना 2019 साली नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीने विजेच्या मोटारीला पुन्हा दिवस आले.

वीज मोजायची कशी?

घरचे वीजबिल काढून बघा. त्यावर ‘युनिट’ असा शब्द असतो. मोटारीची बॅटरीही याच युनिटांत मोजतात. समजा एका मोटारीची बॅटरी 40 युनिटांची आहे. म्हणजे ती पूर्ण भरली की तिच्यात 40 युनिटे वीज असते.

आता एका युनिटात गाडी किती चालते? हमरस्त्यावर, चार माणसे बसलेली, थंड हवेचे यंत्र चालू, अशा मध्यम मोटारीला युनिटामागे 6 किलोमीटर धरावेत.

40 गुणिले 6 बरोबर 240.

म्हणजे ही गाडी 240 किलोमीटर जाईल. कंपनीच्या कागदावर याहून मोठा आकडा असतो. तो आकडा ठराविक पद्धतीने चाचणी घेऊन काढलेला असतो. आपल्या रस्त्यावर, आपल्या वजनाला, आपल्या वेगाला तो जसाच्या तसा मिळत नाही. म्हणून कागदावरच्या आकड्यावर प्रवास ठरवू नये.

शिवाय सगळी 240 किलोमीटरची वाट धरू नये. घरात धान्याची कणगी तळापर्यंत खरडून कोणी पेरणीची वाट बघत नाही. थोडे राखून ठेवतो. तसे बॅटरीतले पाचवा हिस्सा, म्हणजे 8 युनिटे, राखून ठेवावीत. उरली 32. 32 गुणिले 6 बरोबर 192. हाच आपला खरा पल्ला.

वीज कशाने जास्त लागते?

पहिले कारण वेग. सायकलवाल्याला विचारा. वाऱ्याच्या तोंडाला सायकल हाणताना दम निघतो. मोटारीचेही तसेच आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. ताशी 100 च्या जागी 80 ने गेले तर तेवढ्याच विजेत गाडी बरीच पुढे जाते.

दुसरे कारण चढ. खोपोलीकडून लोणावळ्याला चढताना गाडी सुमारे 600 मीटर उंच जाते. भरलेल्या मोटारीला त्यासाठी सुमारे 3 युनिटे जादा लागतात. पण उतारावर उलटा प्रकार होतो. सायकलचा डायनामो आठवा. चाक फिरले की दिवा लागतो. तसे उतारावर चाकेच मोटरला फिरवतात, आणि वीज तयार होऊन बॅटरीत परत जाते. चढाला लागलेली सगळी परत येत नाही, काही भाग येतो. बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर ही वीज तिच्यात मावत नाही. म्हणून घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून उतरू नये.

तिसरे कारण थंड हवेचे यंत्र. त्याला तासाला साधारण एक युनिट लागते. घाटात गाड्या तुंबल्या तर यामुळे घाबरू नये. उभी असताना विजेची मोटार इंजिन धडधडत ठेवत नाही. तासभर अडकली तरी एखाद युनिटाचाच प्रश्न असतो.

वीज भरायची कोठे?

घरी भरण्यासाठी 15 अँपिअरचा, तीन भोकांचा जाड सॉकेट लागतो. त्यातून तासाला सुमारे 3 युनिटे जातात. रिकामी बॅटरी भरायला 13-14 तास लागतात. येथे एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा. अर्थिंग नीट असल्याखेरीज गाडीला वायर लावू नये. लांब, बारीक वायर जोडून वीज घेऊ नये. तासन्‌तास वीज ओढली की अशी वायर तापते आणि आग लागते. आधी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे.

वाटेवर जलद चार्जिंगची केंद्रे असतात. पेट्रोल पंपावर, हॉटेलच्या आवारात ती दिसतात. तेथील यंत्र लहान-मोठे असते. 30 किलोवॅटचे यंत्र अर्ध्या तासात 15 युनिटे देते. यंत्रावरचा किलोवॅटचा आकडा वाचायला शिका. त्यावरून आपल्याला किती थांबावे लागेल ते कळते.

आणखी एक. बॅटरी 80 टक्के भरेपर्यंत वीज भराभर जाते. पुढे वेग मंदावतो. रिकाम्या एस.टी.त माणसे भरभर चढतात, भरत आल्यावर एकेकाला जागा शोधावी लागते, तसेच हे. म्हणून वाटेत 80 टक्क्यांवर निघावे. फार गरज असेल तेव्हाच पुढे भरावी.

एका घरची गोष्ट

आता सारे एका उदाहरणातून बघू.

कोल्हापूरजवळच्या एका गावातले घर. घरात आबा, आज्जी, त्यांची सून आणि नातू. नातवाने कर्ज काढून 40 युनिटांची विजेची मोटार घेतली आहे. ती तो भाड्याने चालवतो. आज्जीच्या हृदयाची तपासणी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात व्हायची आहे. दीड महिन्याने तारीख मिळाली आहे. गुरुवारी सकाळी दहाला हजर राहायचे. ही वेळ चुकली तर पुन्हा दीड महिना. आणि आज्जीला चार पायऱ्या चढल्या की धाप लागते.

आबा म्हणाले, “पोरा, तुझी गाडी मला आवडती. पण म्हातारीला घेऊन रस्त्यात अडकून बसायचं न्हाई. पेट्रोलची गाडी सांग कुणाची तरी.”

नातू म्हणाला, “आबा, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी नुसतं ‘काही होत नाही’ म्हणणार नाही. हिशेब मांडतो. तो तुम्हाला पटला तर जाऊ. नाही पटला तर तुम्ही म्हणाल ती गाडी सांगू.”

सून वर्षापूर्वी साक्षरतेच्या वर्गाला जाऊ लागली होती. तिने वही काढली. नातू सांगत गेला, आई लिहीत गेली.

कोल्हापूर ते सातारा सुमारे 125 किलोमीटर. सातारा ते पुणे 110. पुणे ते मुंबई 150. सगळे मिळून 385.

“पहिला मुक्काम सातारा,” नातू म्हणाला. “125 किलोमीटरला 21 युनिटं जातील. 19 उरतील.”

आबांनी विचारले, “आन्‌ साताऱ्याचं यंत्र बंद असलं तर?”

“म्हणून तर एका जागी एक नाव लिहायचं नाही. दोन लिहायची. एक ठरलेलं, एक पुढचं. आणि पुढच्यापर्यंत पोचण्याइतकी वीज अंगावर ठेवायची.”

सुनेने प्रत्येक मुक्कामासमोर दोन-दोन जागा लिहिल्या. नातवाने मोबाइलवर बघून आदल्या संध्याकाळी दोन्हीकडे फोन केला. यंत्र चालू आहे का, हे विचारून घेतले. मोबाइलमध्ये पैसे भरून ठेवले. काही केंद्रांवर रोख पैसे घेत नाहीत.

दिवस पावसाचे होते. 2019 आणि 2021 सालच्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले होते, हे आबा विसरले नव्हते. त्यांनी नदीच्या पाण्याची चौकशी स्वतः केली. वाट मोकळी होती. तरीसुद्धा गुरुवारच्या तारखेसाठी बुधवारीच निघायचे ठरले. मुंबईला नात्यातल्या माणसांकडे रात्र काढायची.

मंगळवारी दुपारीच गाडीला वायर लावली. रात्री वीज गेली तरी बॅटरी भरलेली राहावी, हा त्यातला विचार. बुधवारी पहाटे पाचला गाडी निघाली. पडद्यावर आकडा होता 100. नातवाने वेग 80 च्या वर नेला नाही.

साताऱ्याला पोचले, तेव्हा पडद्यावर 47 टक्के होते. पण ठरलेले यंत्र बंद पडलेले. पुढे दोन गाड्या उभ्या. लोक यंत्राभोवती फिरत होते. आबांचा चेहरा उतरला. आज्जी काहीच बोलली नाही. तिने फक्त पदराने कपाळ पुसले.

सुनेने वही उघडली आणि वाचून दाखवले, “दुसरी जागा, पुढे 15 किलोमीटर. हॉटेलच्या आवारात.”

“आन्‌ तेवढी वीज हाय का?” आबा म्हणाले.

“मामंजी, 47 टक्के म्हणजे 19 युनिटं. 15 किलोमीटरला अडीच लागतील. साडेसोळा उरतील की.”

आबा तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, “चल मग.”

दुसरे यंत्र चालू होते. 30 किलोवॅटचे. त्यांनी 80 टक्क्यांपर्यंत वीज भरली. साडेपंधरा युनिटे लागली, पस्तीस मिनिटे गेली. तेवढ्यात आज्जीचा चहा झाला, सकाळच्या गोळ्या झाल्या. डॉक्टरांनी तिला फार वेळ एका जागी बसू नको असे सांगितलेच होते. ती आवारात सावकाश चार पावले चालली.

खंबाटकी ओलांडून पुण्याला पोचले तेव्हा 40 टक्के होते. येथे जेवण केले. पुढचा टप्पा 150 किलोमीटरचा, आणि मुंबईच्या गर्दीत यंत्र शोधत फिरायचे नव्हते. म्हणून तासभर थांबून 90 टक्के भरली. बोरघाट उतरताना सून पडद्याकडे बघत होती. “बाळा, आकडा खाली जायचा थांबला रे,” ती म्हणाली. “एकदा तर एकानं वर गेला.” नातू हसला. उतारावर मिळणारी वीज त्याने हिशेबात धरलीच नव्हती. ती वरकड होती.

दुपारी चारच्या आत गाडी दारात लागली. पडद्यावर 32 टक्के होते. गुरुवारी सकाळी दहाच्या आधी आज्जी इस्पितळात हजर होती. तपासणी झाली. औषधे बदलून मिळाली. पुढे काय करायचे ते डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले.

खर्चाचा हिशेब

समजा घरच्या विजेचा दर युनिटला 10 रुपये, आणि वाटेवरच्या केंद्राचा 20 रुपये.

घरची 40 युनिटे: 400 रुपये.
वाटेवरची साडेपस्तीस युनिटे: 710 रुपये.
एकूण 1,110 रुपये.

लिटरला 15 किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोलच्या मोटारीला 385 किलोमीटरसाठी पावणेसव्वीस लिटर लागले असते. लिटर 100 रुपये धरला तरी अडीच हजारांच्या वर खर्च. दर जागोजागी वेगळे असतात. आपल्या गावचे दर घालून हा हिशेब आपण स्वतः करावा.

पण एकच बाजू बघू नये. विजेची मोटार विकत घेताना बहुधा जास्त पैसे पडतात. बॅटरी महाग असते. बऱ्याच कंपन्या तिची 8 वर्षांची हमी देतात. हमीचा कागद वाचून, समजून मगच सही करावी. रोज खूप फिरणाऱ्याला ही गाडी परवडते. महिन्यातून एकदा बाहेर काढणाऱ्याने दोनदा विचार करावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना टोल माफ करण्याचे धोरण महाराष्ट्र सरकारने 2025 साली जाहीर केले. निघताना त्याची चौकशी करावी.

आणि परतीचा विचार जातानाच करावा. मुंबईहून येताना घाट चढायचा असतो. तीन युनिटे जास्त धरावीत. ज्यांच्याकडे उतरणार त्यांच्याकडे वीज भरायची सोय आहे का, हे आधी विचारावे.

गाडी बंद पडलीच तर?

गाडी डाव्या कडेला घ्यावी. चारी कोपऱ्यांचे दिवे लुकलुकते ठेवावेत. माणसांनी रस्त्यावर उभे राहू नये. राष्ट्रीय महामार्गावर 1033 या क्रमांकावर मदत मिळते. विजेची मोटार दोरी बांधून ओढत नेऊ नये, तिच्या मोटरला इजा होते. ती सपाट गाडीवर चढवून न्यावी.

ध्यानात ठेवा

1. कंपनीचा आकडा नको, आपल्या अनुभवाचा आकडा धरा.
2. पाचवा हिस्सा वीज राखून ठेवा.
3. प्रत्येक मुक्कामासाठी दोन जागा लिहा.
4. आदल्या दिवशीच बॅटरी भरा. अर्थिंग तपासा.
5. वेग आवरा. वीज वाचते, जीवही वाचतो.

मोटार पेट्रोलची असो की विजेची, वाट तीच असते. जो आकडे वाचतो, वहीत लिहितो आणि अडचण येण्याआधी तिचा विचार करतो, तो वेळेवर पोचतो.

प्रश्न

1. बेर्था बेंझने इंधन कोठून घेतले?
2. साताऱ्याचे यंत्र बंद असूनही आबांचे कुटुंब अडकले नाही. का?
3. वाटेत 80 टक्क्यांच्या पुढे वीज का भरू नये?
4. एका मोटारीची बॅटरी 30 युनिटांची आहे. युनिटामागे ती 6 किलोमीटर जाते. 6 युनिटे राखून ठेवली तर ती किती किलोमीटर जाईल?
5. आपल्या गावाहून जिल्ह्याच्या गावी जाऊन परत यायला किती युनिटे लागतील? अंतर विचारून घ्या आणि वहीत हिशेब मांडा.